एडिटला लख्ख, यूट्यूबवर चिखल: व्हिडिओची क्वालिटी नेमकी कुठे पडते?

लग्नाच्या हायलाइट्स, ढोल-ताशा पथकांचे व्हिडिओ, भजनी मंडळांची रेकॉर्डिंग, गावच्या यात्रा, असलं काम मी करतो. त्याच्या जोडीला दुसऱ्यांचे बिघडलेले एक्सपोर्ट दुरुस्त करणं हाही आता धंदाच झालाय. तक्रार ठरलेली असते: "दादा, एडिट करताना एकदम कडक दिसत होतं, अपलोड केल्यावर पार वाट लागली." मग माणूस एक्सपोर्टची खिडकी उघडतो आणि बिटरेटचा (दर सेकंदाला किती डेटा वापरायचा, त्याचा) आकडा वाढवत सुटतो. बऱ्याच वेळा दोष त्या खिडकीत नसतोच. तो एक तर त्याआधी, फुटेज हातात येतानाच शिरलेला असतो, नाहीतर नंतर साइटवर शिरतो. म्हणून तपासणी फुकटच्या गोष्टींपासून सुरू करायची. सेटिंगला हात नंतर.

आधी लक्षण ओळखा

"क्वालिटी खराब आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. खराब म्हणजे कशी, ते बघा:

- सगळा व्हिडिओच धूसर, पण वर टाकलेली नावं मात्र धारदार.
- स्थिर शॉट ठीक. गर्दी, पाऊस, गुलाल, झाडांची पानं आली की पिक्सेल फुटतात.
- आकाशात किंवा स्टेजच्या धुरात रंगाचे पट्टे दिसतात.
- रंग फिके, काळा भाग राखाडी.
- कॅमेरा आडवा फिरला की झटके बसतात.
- हलणाऱ्या माणसांच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा.
- आवाज आणि ओठ हळूहळू सुटत जातात.

प्रत्येकाचं कारण वेगळं आहे. शेवटच्या तीन लक्षणांवर बिटरेट दुप्पट केला तरी ढिम्म फरक पडणार नाही.

१. थांबा, आणि क्वालिटी हाताने निवडा

यूट्यूब आधी कमी रिझोल्यूशनची आवृत्ती तयार करतं, एचडी आणि ४के मागून येतात. त्यामुळे अपलोड संपल्या संपल्या लिंक उघडली की ३६०पी दिसणारच. यूट्यूब स्टुडिओमध्ये व्हिडिओच्या नावासमोर एचडी किंवा ४के प्रक्रिया सुरू असल्याचं दिसतं, तिथे नजर ठेवा. माझी पद्धत सरळ आहे: व्हिडिओ 'अनलिस्टेड' ठेवून चढवायचा, सगळ्या आवृत्त्या तयार झाल्या की मग 'पब्लिक' करायचा. वाढदिवसाचा किंवा मुहूर्ताचा व्हिडिओ असेल तर आदल्या रात्रीच चढवा. ऐन वेळी चढवला की पहिले शंभर लोक धूसर व्हिडिओ बघतात आणि खाली कमेंटही तशीच टाकतात.

बघताना गिअरच्या खुणेवर जाऊन १०८०पी स्वतः निवडा. 'ऑटो'वर असेल तर नेट मंद पडलं की ४८०पी लागतं, आणि फोनच्या ॲपमध्ये डेटा वाचवायचा पर्याय चालू असेल तर नेट चांगलं असूनही तेच. क्लायंट फोनवर बघून ओरडत असेल तर त्याला पहिला प्रश्न हाच विचारा. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

२. तीन फाइल, एकच फ्रेम

ही चाचणी कुणीच करत नाही, आणि खरा उलगडा हिच्यातूनच होतो. मूळ क्लिप, तुम्ही एक्सपोर्ट केलेली फाइल आणि ऑनलाइन व्हिडिओ, तिन्ही एकाच स्क्रीनवर उघडा. एक अवघड क्षण निवडा, समजा नवरदेवावर अक्षता पडतात तो, आणि तिन्हीकडे त्याच फ्रेमवर थांबवा. मूळ आणि एक्सपोर्ट व्हीएलसी प्लेअरमध्ये बघा; एडिटरच्या छोट्या प्रिव्ह्यूवर भरवसा ठेवू नका, त्या आकारात सगळंच गोंडस दिसतं.

मूळ क्लिपच खराब असेल तर एक्सपोर्ट सेटिंग सोडून द्या आणि तिसऱ्या मुद्द्यावर जा. मूळ चांगली पण एक्सपोर्ट खराब, तर दोष तुमच्या टाइमलाइनमध्ये (क्लिप जोडतो त्या पट्टीत) किंवा सेटिंगमध्ये आहे. दोन्ही चांगल्या आणि फक्त ऑनलाइनच खराब, तर साइट दाबतेय, म्हणजे फाइल लहान करताना बारकावा काढून टाकतेय. सहावा मुद्दा आणि त्याच्या पुढचं वाचा.

३. फुटेज कुठून आलंय?

फाइलचं नाव बघा. अँड्रॉइड फोनमधल्या क्लिपच्या नावात तारखेनंतर 'डब्ल्यूए' आणि चार आकडे असतील, तर ती व्हॉट्सॲपवरून आलेली आहे. तिच्यातला बारकावा तिथेच गेला. चोथा चरकात कितीही वेळा फिरवला तरी रस येत नाही, तसंच ४५ एमबीपीएस (सेकंदाला ४५ मेगाबिट) बिटरेटने एक्सपोर्ट केलं तरी त्या क्लिपमध्ये काही परत येत नाही.

उपाय: पाठवणाऱ्याला तीच क्लिप 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. तशी २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. त्याहून मोठी असेल तर गूगल ड्राइव्ह, नाहीतर सरळ केबल किंवा पेन ड्राइव्ह. ड्राइव्हवर आली की तिथेच प्ले करून निवाडा करू नका, तिथे दिसतो तोही दाबलेला प्रिव्ह्यू असतो. डाउनलोड करून बघा. आणि समोरच्याने फोनमधली जागा वाचवायला गूगल फोटोजचा 'स्टोरेज सेव्हर' चालू ठेवला असेल, तर तिथून घेतलेला ४के व्हिडिओ १०८०पी होऊनच मिळेल. काका-मामांकडून लग्नाचं जास्तीचं फुटेज गोळा करताना हे हमखास होतं. "फोनमधून डिलीट केलं का?" हे आधी विचारा. केलं असेल तर आहे त्यावर भागवा.

४. नावं धारदार, चेहरे धूसर? प्रॉक्सी!

हे लक्षण इतकं नेमकं आहे की फोनवर ऐकूनही सांगता येतं. लॅपटॉप दमतो म्हणून आपण हलक्या प्रॉक्सी फाइलवर एडिट करतो. एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरने मूळ फाइलऐवजी त्याच प्रॉक्सी घेतल्या तर चित्र मऊ पडतं. टायटल मात्र एक्सपोर्टच्या वेळी पूर्ण आकारात काढली जातात म्हणून ती कडक राहतात. दुसरी खूण म्हणजे रेंडर नेहमीपेक्षा फारच लवकर संपतं.

दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या डिलिव्हर पानावर 'यूज प्रॉक्सी मीडिया' ही चौकट रिकामी आहे ना, ते बघा. प्रीमियरमध्ये 'यूज प्रिव्ह्यूज' काढून टाका. प्रिव्ह्यू हलक्या फॉरमॅटमध्ये केलेले असतील तर तेच एक्सपोर्टमध्ये जातात. मूळ फुटेजची हार्ड डिस्क जोडलेली आहे का, हेही बघून घ्या. हसू नका, लोक ती काढून ठेवतात.

५. टाइमलाइनचा आकार आणि फ्रेम रेट

बरीचशी सॉफ्टवेअर पहिली क्लिप टाकताना विचारतात, टाइमलाइन हिच्यासारखी करू का? घाईत 'हो' दाबलं आणि ती क्लिप ७२०पीची असली, की पुढचं सगळं ४के फुटेज ७२०च्या साच्यातून निघतं. एक्सपोर्टला १०८० लिहिलं तरी बऱ्याचदा ते ७२० ताणूनच होतं. टाइमलाइनच्या सेटिंगमध्ये जाऊन आकडा डोळ्यांनी वाचा.

झटक्यांचं मूळ फ्रेम रेटमध्ये, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम आहेत त्यात असतं. आपल्याकडे लग्नाचे कॅमेरे सहसा २५ किंवा ५० वर लावलेले असतात, फोन ३० किंवा ६० वर. ३० ची क्लिप २५ च्या टाइमलाइनवर टाकली की दर सेकंदाला पाच फ्रेम टाकून द्याव्या लागतात, म्हणजे दर सहावी फ्रेम गायब. बोलणाऱ्या माणसाच्या शॉटमध्ये ते कळत नाही. वरातीवरून कॅमेरा आडवा फिरवला की लगेच कळतं. जास्तीत जास्त फुटेज ज्या रेटचं आहे तोच टाइमलाइनला द्या आणि एक्सपोर्टलाही तोच ठेवा. २५ चं ६० करून काही स्मूद होत नाही, उगाच फाइल फुगते. रिझॉल्व्हमध्ये एकदा फुटेज आत घेतलं की प्रोजेक्टचा फ्रेम रेट बदलता येत नाही, त्यामुळे हे आधी ठरवा. पुढच्या शूटसाठी सूचना: आयफोनच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'शो पॅल फॉरमॅट्स' चालू केलं की २५ चा पर्याय मिळतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने २५ फ्रेम आणि १/५० शटरवर कार्यालयातल्या ट्यूबलाइट लुकलुकतही नाहीत.

आवाज सुटत जात असेल तर फोनचा बदलता फ्रेम रेट तपासा. मीडियाइन्फो नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या, त्यात क्लिप टाका. 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' लिहिलं असेल तर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून 'कॉन्स्टंट' फ्रेम रेटला काढून घ्या आणि मगच एडिटला बसा. हँडब्रेकमध्ये क्वालिटीचा आकडा १८ च्या आसपास ठेवा. तिथे आकडा जितका लहान तितकी क्वालिटी जास्त, हे उलटं आहे, लक्षात असू द्या.

फणीच्या दातांसारख्या रेघा म्हणजे जुन्या हँडीकॅमचं इंटरलेस्ड (एकाआड एक ओळी टिपलेलं) फुटेज. ते 'डीइंटरलेस' करा, एक्सपोर्ट 'प्रोग्रेसिव्ह' ठेवा. विषय संपला.

६. आता बिटरेट

यूट्यूब तुमची फाइल जशीच्या तशी दाखवत नाही, पुन्हा दाबते. म्हणजे दाबणं दोनदा होतं. पहिल्या दाबण्यात जे चौकोन पडले, ते दुसऱ्या वेळी यंत्राला चित्राचाच भाग वाटतात आणि ते जपण्यात बिटरेट खर्च होतो. म्हणून तुमची फाइल त्यांना लागते त्यापेक्षा जड असलेली बरी.

यूट्यूबच्या स्वतःच्या शिफारशी अशा: १०८०पी, २४ ते ३० फ्रेमला ८ एमबीपीएस, ५०-६० फ्रेमला १२. १४४०पीला १६ आणि २४. ४केला ३५ ते ४५, आणि ५०-६० फ्रेमला ५३ ते ६८. हे आकडे किमान समजा. मी १०८०पी-२५ ला साधारण २० देतो, मिरवणूक किंवा पावसाचं फुटेज असेल तर ३०. त्यापुढे वाढवून डोळ्याला फरक दिसत नाही, फक्त अपलोड रखडतं. हिशोब सोपा आहे: बिटरेट गुणिले सेकंद, भागिले ८, उत्तर एमबीमध्ये. दहा मिनिटांचा व्हिडिओ २० एमबीपीएसने १,५०० एमबी होतो. तुमच्या नेटचा अपलोड वेग ५ एमबीपीएस असेल तर चढायला ४० मिनिटं. तालुक्याच्या ठिकाणी बसून १०० एमबीपीएसची फाइल चढवणाऱ्याला माझा नमस्कार.

बाकीचं झटपट सांगतो. एमपी४, एच.२६४, प्रोफाइल 'हाय'. 'व्हीबीआर, टू पास' (आधी व्हिडिओ तपासून अवघड जागी जास्त बिटरेट देणारा पर्याय) मिळत असेल तर घ्या. मिळत नसेल तर अडून बसू नका. ग्राफिक्स कार्डवरचं हार्डवेअर एन्कोडिंग कमी बिटरेटला जरा कच्चं पडतं, २० च्या पुढे त्याची चिंता नको. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ, स्टिरिओला ३८४ केबीपीएस. भजनाच्या व्हिडिओत टाळ चिरकत असतील तर हा शेवटचा आकडा आधी बघा, कारण बरेच प्रीसेट तिथे १२८ लावून मोकळे होतात.

पूर्ण व्हिडिओ एक्सपोर्ट करून प्रयोग करत बसू नका. सर्वात अवघड वीस सेकंद कापा, तेवढेच अनलिस्टेड चढवा, बघा, मग ठरवा.

७. १०८०पी असूनही मोठं करून चढवा

मूळ आणि एक्सपोर्ट चांगले, ऑनलाइन मात्र पिक्सेल फुटतात, अशा वेळी माझा सर्वात जास्त चालणारा उपाय हाच. कॉम्प्युटरवर व्हिडिओवर राइट क्लिक करा, 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा आणि कोडेकची (व्हिडिओ दाबायच्या पद्धतीची) ओळ वाचा. 'एव्हीसी१' असेल तर तुमच्या व्हिडिओला जुना एच.२६४ कोडेक मिळालाय. छोट्या चॅनेलच्या १०८०पी व्हिडिओंना बऱ्याचदा तोच मिळतो. १४४०पी आणि त्यापुढच्या व्हिडिओंना व्हीपी९ किंवा एव्ही१ मिळतो. हे तेवढ्याच बिटरेटमध्ये जास्त बारकावा धरून ठेवतात, शिवाय मोठ्या आवृत्तीला बिटरेटही जास्त असतो.

म्हणून १०८० ची टाइमलाइन एक्सपोर्टला ३८४० बाय २१६० करा. नेमकी दुप्पट रुंदी, दुप्पट उंची. नवा बारकावा यातून येत नाही हे मान्य, पण असलेला वाचतो. आणि एरवी तोच व्हिडिओ १०८०पीवर बघणाऱ्यालाही साधारण चांगल्या कोडेकची आवृत्ती मिळते. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीतही या आकारापर्यंत एक्सपोर्ट करता येतं, त्यामुळे खर्च फक्त वेळेचा.

रील्सला हे लागू नाही. तिथे १०८० बाय १९२०, ३० फ्रेम, आणि इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये मीडिया क्वालिटीखाली 'अपलोड ॲट हायेस्ट क्वालिटी' चालू. ४के पाठवलं तर ते स्वतःच्या पद्धतीने लहान करतात, त्यापेक्षा आपण केलेलं बरं.

८. रंग फिके पडतात तेव्हा

पहिला संशयित फोनचं एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारं रेकॉर्डिंग. २०२० च्या आयफोन १२ पासून हे फोन डॉल्बी व्हिजनमध्ये शूट करू शकतात. असं फुटेज साध्या रेक.७०९ (नेहमीच्या एचडी व्हिडिओच्या रंगांच्या) टाइमलाइनवर नीट न बदलता टाकलं की शालू धुऊन काढल्यासारखा किंवा अंगावर येईल इतका भडक दिसतो. ती क्लिप रेक.७०९ ला टोन मॅप करून घ्या, म्हणजे एचडीआरचा उजेड साध्या पल्ल्यात बसवून घ्या. पुढच्या वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून 'एचडीआर व्हिडिओ' बंद ठेवा.

दुसरा, काळा भाग राखाडी. व्हिडिओत उजेडाची पातळी १६ ते २३५ अशी लिहिली जाते किंवा ० ते २५५ अशी. फाइल एक म्हणते आणि प्लेअर दुसरं समजतो, तेव्हा हा घोटाळा होतो. एक्सपोर्टमध्ये डेटा लेव्हल्स 'ऑटो' ठेवा, कुणाचं ऐकून 'फुल' करू नका. मॅकवर मात्र फक्त क्विकटाइममध्ये फिकं दिसत असेल आणि फोनवर, टीव्हीवर ठीक असेल, तर व्हिडिओला हात लावू नका. तो त्या प्लेअरचा गॅमाचा (मधला उजेड किती दाखवायचा याचा) हिशोब आहे.

९. काही दृश्यं मुळातच वैरी

जेजुरीला सोमवतीला भंडारा उधळतात, तो शॉट घ्या. हळदीचा प्रत्येक कण वेगळ्या दिशेने उडतो. कॉम्प्रेशनचं सगळं गणित मागच्या फ्रेममधला तुकडा पुढच्या फ्रेममध्ये सापडण्यावर चालतं, आणि इथे कुठलाच तुकडा सापडत नाही. अशा ठिकाणी बिटरेट आणि ४के दोन्ही वापरूनही थोडं फुटणारच. शूटिंगच्या वेळी मदत करता येते: भर उन्हात १/१००० शटर ठेवलं तर प्रत्येक कण सुईसारखा उमटतो. एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काच) लावून १/५० वर आणा, कण जरा ओढले जातात, चित्रही डोळ्याला बरं वाटतं आणि कोडेकलाही.

रात्रीच्या मिरवणुकीत वैरी वेगळा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवल्याने आलेली दाणेदार खरखर दर फ्रेमला बदलते आणि बिटरेट गिळते. एक्सपोर्टआधी हलका नॉइज रिडक्शन द्या. हलकाच, नाहीतर माणसं मेणाची होतात. आकाशातल्या पट्ट्यांचं बरोबर उलटं आहे. ८-बिट व्हिडिओत एका रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, सांजवेळच्या आभाळाला त्या पुरत नाहीत. तिथे थोडा ग्रेन (बारीक दाणे) टाकला की पट्टे विरतात.

आणि लाल टायटल. ऑनलाइन व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा चौपट कमी जागी साठवतात (४:२:०), म्हणून काळ्यावर गडद लाल अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसतात. पत्रिकेतला कुंकवाचा लाल व्हिडिओत आणू नका. पांढरी किंवा पिवळी अक्षरं घ्या, आणि देवनागरीत वेलांट्या-मात्रा बारीक असतात, तेव्हा जाड फाँट.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

मूळ क्लिपमध्येच हिरवे-गुलाबी चौकोन, अर्धी फ्रेम करडी, किंवा फाइल मध्येच अडकते: कार्ड खराब झालंय. कार्डावर पुढे काहीही रेकॉर्ड करू नका, फॉरमॅटचा प्रश्न आला तर 'नाही' म्हणा, कार्ड काढून डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या. घरी मोफत सॉफ्टवेअर फिरवत बसाल तेवढं हातचं जाईल.

चौकोन मूळ क्लिपमध्ये नाहीत, पण प्रत्येक एक्सपोर्टला वेगवेगळ्या ठिकाणी येतात: एकदा ग्राफिक्स कार्डाऐवजी सॉफ्टवेअर एन्कोडिंगने काढून बघा. तेव्हा स्वच्छ आलं तर आधी ड्रायव्हर बदला. तरीही येत असतील तर कॉम्प्युटरची रॅम किंवा कार्ड हार्डवेअरवाल्याला दाखवा.

चित्रपट महोत्सवासाठी डीसीपी (थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारं फाइलचं पॅकेज) हवं असेल, ओटीटीला फाइल द्यायची असेल, किंवा दोन-तीन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांशी जुळवायचे असतील, तर ते कलरिस्टचं आणि पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओचं काम आहे. तिथे पैसे वाचवू नका. आणि फोकसच सुटलेला असेल तर कुणालाच बोलवू नका, तो शॉट कापा.

ज्याच्याकडे जाल त्याला "क्वालिटी येत नाही" एवढंच सांगू नका. मूळ क्लिप, एक्सपोर्ट केलेली फाइल, दोन्हींची मीडियाइन्फोची माहिती, ऑनलाइन व्हिडिओचा स्क्रीनशॉट आणि नेमकं कुठल्या मिनिटाला फुटतं तो आकडा, एवढं एका पेन ड्राइव्हवर न्या. व्हॉट्सॲपवर पाठवू नका.